वीतभर जाड पेढा

एकोणीसशे तेरा साली म्हैसूर शहरात सफरचंदाच्या लागवडीविषयी विश्वसनीय माहिती हवी असलेला माणूस एक होता, आणि ती पुरवण्यासाठी नेमलेले आम्ही चार जण होतो. प्रमाण उत्तम होते. तरीही जे घडले ते घडले, आणि त्यातला मोठा वाटा माझा असल्यामुळे ते मीच सांगणे योग्य.

आमच्या कचेरीचे नाव ‘वृक्षफळ माहिती कचेरी’. नझरबादेतल्या एका कौलारू इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत ती भरत असे. वृक्षफळांविषयी रयतेने विचारावे आणि आम्ही सांगावे, एवढाच तिचा हेतू होता. रयत विचारीत नसे, त्यामुळे कामाचा निपटारा नेहमी वेळेवर होई. एक साहेब होते, ते बहुधा दौऱ्यावर असत. एक जावक कारकून होता. जाण्यासारखे काही निघाले नाही तरी तो शिक्क्याची लाख वितळवून तयार असे. सारा कारभार शिरस्तेदार चिदंबर यांच्या हाती होता. आणि चौथा मी, गुरुराव, मोडी कारकून. मोडी लिपीतले जुने कागद वाचायला एके काळी सरकारात माणसे लागत. मी नोकरीला लागलो तोवर वाचण्याजोगे कागद संपले होते, पण जागा मंजूर होती, म्हणून ती भरण्यात आली. आमचे घराणे रंगाऱ्यांचे. वडिलांचे हात कोपरापर्यंत निळे असत. माझ्या फक्त दोन बोटांना शाई लागे आणि ती धुतली की जाई, याचा आईला फार अभिमान होता.

ज्याला माहिती हवी होती तो माणूस म्हणजे फत्तेसिंगराव. रिसाल्यातले निवृत्त दफेदार. पूर्वी ते आमच्याच गल्लीत राहत आणि मला ‘अरे गुरू’ म्हणून हाक मारीत. पेन्शन झाल्यावर ते वरुणा गावाच्या वाटेवरच्या आपल्या मळ्यात राहायला गेले. मी सरकारी नोकर झालो त्या दिवसापासून त्यांनी मला ‘गुरुराव, तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली. मी त्यांच्या मांडीवर खेळलो होतो, पण आता माझ्यामागे सरकार होते, आणि सरकारला त्यांनी जन्मात कधी अरेतुरे केले नव्हते.

त्यांचा अर्ज आला तो मोडीत. कचेरीत तो वाचू शकणारा मी एकटाच. सहा वर्षांत प्रथमच माझ्या पदाला अर्थ आला, म्हणून मी तो उभा राहून वाचला. सफरचंदाचे रोप केव्हा लावावे, त्याची काळजी कशी घ्यावी आणि किती वर्षांनी फळ येते, असे तीन प्रश्न होते. शेवटी एक ओळ होती: ‘अर्जदाराचे वय एकसष्ट आहे, तरी उत्तर लवकर मिळावे.’

सफरचंदच का, हे त्यांनी मला नंतर खासगीत सांगितले. वीस वर्षांपूर्वी राजवाड्याच्या लवाजम्याबरोबर ते उटीला गेले होते. तिथे तबेल्यावर पहारा करीत असताना एका खानसाम्याने त्यांना सफरचंदाची एक फोड दिली. ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. आणि खाऊन झाल्यावर त्यांच्या मनात आले की अर्धी रुमालात बांधून बायकोसाठी, गिरिजेसाठी, नेता आली असती. वीस वर्षे हे त्यांच्या मनात राहिले. गिरिजाबाईंना त्यांनी ते कधी सांगितले नाही. आता स्वतःच्या हाताने झाड लावायचे आणि पहिले फळ तिला द्यायचे, एवढेच त्यांना हवे होते.

मी अर्ज चिदंबरांपुढे ठेवला. त्यांनी विचारले, आपल्यापैकी कोणी सफरचंदाचे झाड पाहिले आहे का. कोणीच पाहिले नव्हते. हे ऐकून त्यांना हायसे वाटले. पाहिलेल्या माणसाचे मत वैयक्तिक असते, ते म्हणाले. कचेरीचे उत्तर छापील आधारावर असले पाहिजे.

छापील आधार कपाटात सापडला. फळझाडांवरचे एक इंग्रजी पुस्तक. पहिली अठरा पाने वाळवीने खाल्लेली, त्यामुळे लेखक कोण आणि देश कोणता हे कळण्यास मार्ग नव्हता. मात्र पानापानावर बर्फ पडत होते, त्यावरून तो देश म्हैसूर नसावा असे आम्ही अनुमान काढले. मी म्हणालो, हे इथे लागू पडेल का? चिदंबरांनी चष्मा पुसला. ते कन्नडात बोलत. मी त्यांचे बोलणे मराठीत देतो आहे, म्हणजे हेही रूपांतरच, वाचकांनी सावध असावे.

“अनुवाद नको, रूपांतर करा,” ते म्हणाले. “जिथं बर्फ आहे तिथं पाऊस लिहा.”

मी तसे केले. ‘बर्फ पडत असताना झाडाला त्रास देऊ नये’ याचे ‘पाऊस पडत असताना’ झाले, आणि ते शोभलेही. ‘बर्फ वितळल्यावर लागवड करावी’ या वाक्यापाशी मी थोडा थबकलो. पण नियम तो नियम. ‘पाऊस वितळल्यावर लागवड करावी’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले. पुढे सशांपासून रक्षणासाठी दोन हात उंच कुंपण घालावे असे होते. चिदंबर मूळचे एच. डी. कोटे तालुक्यातले. आमच्याकडे सशाला कोण विचारतो, ते म्हणाले, आमच्याकडे हत्तीचा उपद्रव. ससा खोडला, हत्ती लिहिला. कुंपणाची उंची मात्र दोन हातच ठेवली, कारण उंचीविषयी मूळ ग्रंथात स्पष्ट आधार होता.

अशा रीतीने ‘सफरचंद व तत्सम वृक्षफळांची लागवड, पत्रक क्रमांक सात’ तयार झाले. एक ते सहा कोणती हे मला कधी समजले नाही. पत्रक कन्नड आणि मराठी, दोन्हींत छापले. शेवटच्या पानावर ‘रूपांतरकार : गुरुराव’ अशी ओळ होती. त्या ओळीतली अक्षरे मी मुद्रितात चार वेळा तपासली. बाकीचा मजकूर एकदा.

छापून आल्यावर मी ते घरी नेऊन आईला वाचून दाखवले, आणि पाचव्या पानावर माझी जीभ अडखळली. ‘झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जाड पेंढा पसरावा’ असे मी लिहिले होते. छापताना अनुस्वार गळून गेला होता. बुंध्याभोवती वीतभर जाड पेढा पसरावा, असे शासनाचे मत झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी चिदंबरांना सांगितले. शुद्धिपत्रक काढावे लागेल, मी म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारले, शुद्धिपत्रकात चूक कोणाची हे लिहावे लागते, मुद्रिते कोणी तपासली? मी. आणि तपासली म्हणून खाली सही कोणाची? चिदंबरांची.

“मग चूक नाही,” ते म्हणाले. “लोकांना अक्कल असते, गुरुराव. झाडाला पेढा कोण घालील?”

हा युक्तिवाद मला पटला. माझ्या सोयीचे युक्तिवाद मला नेहमीच लवकर पटत आले आहेत.

पत्रकाची पहिली प्रत मी जातीने मळ्यावर नेऊन द्यायचे ठरवले. खरे म्हणजे मला माझे छापील नाव दाखवायचे होते. घोड्याच्या जटक्यात बसून गेलो. मळा फत्तेसिंगरावांच्या नावावर होता, पण तिथे जे काही उगवत होते ते गिरिजाबाईंचे होते. अकरा पेरू, तीन पपनसे, एक फणस. सगळी त्यांनी लावलेली. आसपासच्या गावांतल्या बायका कलम कधी बांधायचे हे त्यांना विचारायला येत. त्यांनी मला पेरू कापून दिला, आतून गुलाबी. मी तो खात असताना फत्तेसिंगराव पत्रक मोठ्याने वाचू लागले, हुकूम वाचतात तसे, ताठ उभे राहून.

तिसऱ्या पानावर होते की रोपापासून चाळीस हातांच्या आत पुरुषभर उंचीचे दुसरे झाड नसावे, अन्यथा ऊन अडते. विहिरीजवळची जी जागा त्यांनी सफरचंदासाठी निवडली होती, तिच्या चाळीस हातांच्या आत ती सगळीच झाडे होती.

गिरिजाबाईंनी सुरी खाली ठेवली. “ह्या उन्हात सावली काढून काय करणार?” त्यांनी मला विचारले. “गुरू, तू सफरचंदाचं झाड पाहिलंस?”

हा प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर एका शब्दाचे होते. पण मी नाही म्हणालो असतो तर मग मी कशासाठी आलो होतो?

“मावशी, पत्रक मंजूर झालेलं आहे,” मी म्हणालो.

फत्तेसिंगरावांनी मला फक्त एकच विचारले. “माहिती विश्वसनीय आहे ना, गुरुराव?”

“सरकारी आहे,” मी म्हणालो, आणि त्यांचे समाधान झाले. माझ्या हातात त्या वेळी अर्धा पेरू होता.

त्या आठवड्यात झाडे पडली. मी पाहायला गेलो नाही. नंतर मला कळले. फत्तेसिंगरावांनी दोन माणसे लावली आणि स्वतः कुऱ्हाड घेतली. पपनसे लगेच गेली, फणसाला दोन दिवस लागले. गिरिजाबाई विहिरीच्या काठावर झाडांकडे पाठ करून बसून राहिल्या. का तोडता, असे त्यांनी आदल्या दिवशी एकदा विचारले होते. ‘तुझ्यासाठीच’ असे त्यांना उत्तर मिळाले, पण ते उत्तर पुढे उलगडून सांगण्याची दफेदारांची प्रकृती नव्हती.

पाऊस कधी वितळतो, हे विचारायला ते कचेरीत आले नाहीत, त्यांनी ते स्वतःच ठरवले. मार्गशीर्षात उटीहून एका जुन्या सोबत्याकरवी सहा रोपे मागवून त्यांनी ती लावली. हत्तीसाठी दोन हात उंच कुंपण घातले. मग मात्र ते कचेरीत आले. पाचवे पान उघडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि पेढ्यावर बोट ठेवले.

“पेढा म्हणजे खायचा तोच ना?”

चिदंबर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांची लेखणी थांबली. मी आवाज खाली आणून म्हणालो की पेढाच पाहिजे असे काही नाही, पेंढा चालेल. किंबहुना पेंढा जास्त बरा.

“हे कुठं छापलंय?”

छापलेले नाही, मी सांगितले.

“मग लेखी द्या.”

मी दौतीकडे पाहिले. शाई भरपूर होती. एक ओळ लिहायची आणि खाली सही करायची, इतकेच काम होते. मग ती ओळ चिदंबरांपुढे गेली असती, आणि मुद्रिते कोणी तपासली हा प्रश्न पुन्हा निघाला असता. मी म्हणालो, लेखी देता येणार नाही.

“तोंडी हुकुमानं लेखी हुकूम रद्द होत नाही,” फत्तेसिंगराव समजुतीच्या सुरात म्हणाले. तरुण अधिकाऱ्याला जुना शिपाई समजावतो तसे. आणि सलाम करून गेले.

घरी दोन गाई होत्या. महिनाभर दोन्हींचे सारे दूध गिरिजाबाईंनी चुलीवर आटवले. सहा रोपे, प्रत्येकाभोवती वीतभर जाड. पेरू गेल्यावर दूध विकून जे चालले होते तेही बंद झाले. शेजारच्या मळ्यातली माणसे आधी हसली. पण मग फत्तेसिंगरावांनी त्यांना पत्रक दाखवले, वर शिक्का, खाली रूपांतरकार, आणि ती गप्प झाली. दोघांनी तर पत्रकाची प्रत कुठे मिळेल म्हणून विचारले.

आधी मुंग्या आल्या. त्याविषयी पत्रकात काही नव्हते, म्हणून फत्तेसिंगरावांनी काही केले नाही. मग रानडुकरे आली. कुंपण त्यांनी मुसंडीने आडवे केले आणि पेढा खाता खाता मुळांसकट रोपे उपटली. पाच गेली. सहावे उरले ते फाल्गुनातल्या उन्हात, चाळीस हातांत कुठेही सावली नसल्यामुळे, दहा दिवसांत करपले.

फत्तेसिंगरावांनी याचा अहवाल पाठवला. तक्रार नव्हती, पत्रकातली कोणती सूचना पाळण्यात आपण चुकलो एवढेच त्यांनी विचारले होते. अशा प्रश्नांसाठी कचेरीत एक ठरलेले उत्तर होते आणि ते मीच मोडीत उतरवून पाठवले: ‘अर्जदाराने पत्रक क्रमांक सात पाहावे.’

त्या दिवसापासून मला नीट जेवण जाईना. आता तरी खरी माहिती मिळवावी म्हणून मी उत्तरेकडच्या दोन मराठी संस्थानांतल्या अशाच कचेऱ्यांना पत्रे लिहिली. सफरचंदाविषयी आपल्याकडे विश्वसनीय माहिती असल्यास कळवावी. दोन महिन्यांनी दोन्ही उत्तरे आली. पहिल्या कचेरीने आपले स्वतंत्र संशोधनावर आधारलेले पत्रक पाठवले होते. त्यात पाऊस वितळत होता. दुसऱ्या कचेरीने अधिक खोलात जाऊन विचार केला होता. ‘बुंध्याभोवती वीतभर जाड पेढा पसरावा,’ असे त्यांच्या पत्रकात होते, आणि पुढे त्यांची स्वतःची भर: ‘पेढा उपलब्ध नसल्यास बर्फी चालेल.’

मी दोन्ही पत्रके चिदंबरांपुढे ठेवली. मला वाटले, आता त्यांना धक्का बसेल. ते प्रसन्न झाले. दोन परक्या संस्थानांचा दुजोरा मिळाला, ते म्हणाले. आता आपल्या माहितीविषयी शंकेला जागा नाही. त्यांनी दौऱ्यावरच्या साहेबांना तसे कळवले, आणि साहेबांनी दौऱ्यावरूनच मला ‘प्रभारी वृक्षफळ तज्ज्ञ’ नेमले. वार्षिक अहवालात आमच्या कामगिरीची नोंद झाली: सफरचंद लागवड, सहा रोपे; फळ : अपेक्षित; अडचणी : रानटी जनावरांचे असहकार्य. पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत हत्ती खोडून डुक्कर घालण्यात आले. त्यामुळे दोन हात उंचीचे कुंपण प्रथमच जवळपास बरोबर ठरले, पण ते कोणाच्या लक्षात आले नाही. पेढा कायम राहिला. त्याला आता तीन ठिकाणचा आधार होता.

तज्ज्ञ म्हणून मला गावोगाव व्याख्याने द्यावी लागली. बेट्टदपुरला टेकडीखाली दोनशे माणसे जमली होती. सफरचंदाचे झाड जवळपास नसल्यामुळे मी एका चिंचेकडे बोट दाखवून, हे सफरचंद आहे असे समजा, म्हणून सुरुवात केली. लोकांनी तसे समजून घेतले. माझे बोलणे छान झाले. परतताना एका म्हाताऱ्याने माझे पाय धरले, आणि त्याच्या गावात किती पेरू असतील हा विचार माझ्या मनात आला. मी त्याला उठवले आणि पेरू तोडू नका म्हणालो. का, त्याने विचारले. मी म्हणालो, सुम्ने. कन्नडात याचा अर्थ ‘उगीच’ असा होतो. यापेक्षा खरे बोलायचे धैर्य मला तिथे झाले नाही.

ते झाले त्यानंतरच्या रविवारी. मी घरी बसून स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला, मोडीत. पेढा नव्हे, पेंढा, चूक माझी. झाडे तोडायला नको होती; चूक माझी. मी सफरचंदाचे झाड पाहिलेले नाही. सही केली आणि मळ्यावर गेलो.

फत्तेसिंगराव बाजेवर बसले होते. त्यांनी कागद सावकाश वाचला, मागची बाजू उलटून पाहिली आणि पुन्हा पुढची.

“ह्यावर जावक क्रमांक नाही,” ते म्हणाले.

“मिळणारही नाही,” मी म्हणालो. “हे सरकार म्हणत नाही. हे नुसतं मी म्हणतोय.”

ते करपलेल्या जागेकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. सहा-सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे प्रथमच असे पाहिले असावे.

“अरे गुरू,” ते म्हणाले, “मग हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तेव्हा मी सरकार होतो, काका.”

गिरिजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी मला तो कागद मोठ्याने वाचायला लावला.  पेढ्याच्या ओळीपाशी त्या थोड्या हसल्या. मी विचारले, तुम्हाला हे आधीच कळलं होतं? त्या म्हणाल्या, झाडाला पेढा लागत नाही हे कुणालाही कळतं. मग थांबवलं का नाही, मी विचारले.

“मला कोण विचारलं?” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं एकमेकांना विचारत होता.” मग, मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात: “साकु, पुरे आता. जेवायला बसा.”

जेवताना फत्तेसिंगरावांनी खाली मान घालून उटीची गोष्ट सांगितली. ती फोड, तो रुमाल. बायकोला वीस वर्षांत पहिल्यांदा. गिरिजाबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला तो नेहमीपेक्षा जास्त, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या.

पुढच्या महिन्यात मी बेंगळूरला जाऊन, तीन बाजार फिरून, एक सफरचंद मिळवले. लहानसे होते, एका बाजूने मऊ पडलेले. ते घेऊन मळ्यावर गेलो. हे काकांनीच आणवलंय, मी म्हणालो. हे खरे नव्हते, पण कोणी विचारले नाही. फत्तेसिंगरावांनी आपल्या हाताने त्याचे काप केले आणि पहिला गिरिजाबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. फत्तेसिंगराव त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या.

मग एक काप मला मिळाला. फळ पिठूळ होते आणि आंबट होते, आणि मऊ बाजूला जुन्या पोत्याची चव होती. फत्तेसिंगरावांनीही एक खाल्ला. त्यांनाही ते कळले असणारच. पण तेही म्हणाले, गोड आहे. वृक्षफळांविषयीची चुकीची माहिती मी आयुष्यात पुष्कळ ऐकली आणि पसरवली. एवढी एकच मला कधी दुरुस्त करावीशी वाटली नाही.

निघताना गिरिजाबाईंनी मला पेरूचे बुंधे दाखवले. काहींना धुमारे फुटले होते. त्यांनी प्रत्येकावर एकेक ठेवून बाकीचे खुडले होते. फळ कधी येईल, मी विचारले. आले की दिसेल, त्या म्हणाल्या. मी हे टिपून घेतले नाही, कारण याचे पत्रक होत नाही.

कचेरीत मी चिदंबरांनाही खरे सांगितले: मला सफरचंदातले काही कळत नाही, मला तज्ज्ञपदावरून मोकळे करा. ते गहिवरले. खऱ्या विद्वानाची हीच खूण, ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या नावापुढचा ‘प्रभारी’ हा शब्द काढून टाकला. मी वीस वर्षे तज्ज्ञ राहिलो आणि तज्ज्ञ म्हणूनच निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर इथल्या एका वाचनालयाने मला बोलायला बोलावले. विषय मीच निवडला: विश्वसनीय माहिती. मी ठरवून सगळे सांगितले, जसे इथे लिहिले आहे तसेच. वाळवी, हत्ती, डुकरे, काही लपवले नाही. मला सफरचंदातले काही कळत नाही, हे मी तीन वेळा म्हणालो. श्रोते समंजस होते. वकील होते, मास्तर होते, दोन डॉक्टर होते. पेढ्यापाशी त्यांना हसू आवरेना. बिचारा दफेदार, ते एकमेकांना म्हणत होते. छापलेल्या कागदावर माणूस इतका विसंबतो तरी कसा.

सभा संपली. लोक पांगल्यावर समोरच्या रांगेतले एक वकील माझ्याजवळ आले. सर्वांत जास्त तेच हसले होते. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला घेतले. सफरचंदाचं राहू द्या, ते म्हणाले, तुमची ती गंमत कळली. पण बंगल्यामागं थोडी जागा आहे, तिथं नासपाती लावावी म्हणतो, तर कोणत्या महिन्यात लावू?

मी म्हणालो, नासपातीचे झाड मी पाहिलेले नाही. मला काही माहीत नाही.

“ते आलं लक्षात,” ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून वही काढली. “पण अंदाजे?”

इतका वेळ खरे बोलून मी थकलो होतो. शिवाय ते फार आदराने विचारत होते. मी एका महिन्याचे नाव सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, खाली रेघ मारली, आणि तिच्याखाली कंसात माझे नाव घातले.

तो महिना कोणता, हे मी इथे लिहीत नाही. तुमचाही हात पेन्सिलीकडे गेलेला मला दिसतो आहे.